गावच्या दवाखान्याचा पैसा आणि आपण

कसाऱ्याहून सकाळी सुटलेली लोकल टिटवाळ्याच्या पुढे आली की डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. नोकरदार माणसे, कॉलेजची मुले, भाजीच्या पाट्या. या गर्दीत रोज काही माणसे अशीही असतात की ज्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत एक्स-रेचे मोठे पाकीट. खर्डी, आटगाव, आसनगाव, वाशिंद इथून चढलेली ही माणसे कल्याणला उतरतात. कुणी उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलची वाट धरते, कुणी कळव्याची, तर कुणी तिथून पुढे सायन नाहीतर केईएमची. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिथले लोक एसटीने कल्याणला येतात आणि मग याच रांगेत सामील होतात. आम्ही शिक्षक मंडळी या मार्गावर वर्षानुवर्षे ये-जा करतो. आता पिशवीवरूनच ओळखू येते की ही सासू सुनेला प्रसूतीसाठी नेते आहे, की मुलगा बापाच्या डायलिसिसला निघाला आहे.

प्रश्न असा पडतो की ही माणसे या गाडीत मुळात का आहेत? कारण कागदावर पाहिले तर त्यांच्या गावाजवळ सगळे काही आहे. मैदानी भागात ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. शहापूर-मुरबाडसारख्या आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी हाच निकष ३,००० आणि २०,००० असा सैल केलेला आहे. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. जिना नीट बांधलेला आहे. पण आजारी माणूस पहिल्या पायरीवर थांबत नाही, कारण तिथे थांबून काही मिळेल याचा त्याला भरवसा नाही. तो सरळ शेवटच्या पायरीकडे धावतो आणि तिथे पोहोचेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष तिकडे गेले होते. हे रुग्णालय ठाणे महापालिकेचे, ५०० खाटांचे. त्या वेळी ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय नव्या इमारतीच्या कामासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेले होते आणि जिल्ह्याचा भार कळव्यावर येऊन पडला होता. चौकशी झाली, बातम्या आल्या, आठ-पंधरा दिवसांत विषय मागे पडला. शहापूर, भिवंडी, मुरबाडचा रुग्ण आपल्या तालुक्यातच का बरा होऊ शकत नाही, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही.

धोरणांची आपल्याकडे वाण नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने अहवाल दिला होता. तिचे दूरचे स्वप्न असे की १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे केंद्र असावे. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात फार तर सहा खाटा असतात. त्यानंतर १९८३, २००२ आणि २०१७ अशी तीन राष्ट्रीय आरोग्य धोरणे आली. २०१७ च्या धोरणाने सांगितले की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेऊ आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक पैसा प्राथमिक सेवेवर, म्हणजे गावाच्या जवळच्या दवाखान्यावर खर्च करू. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात हा आकडा १.८४ टक्के होता. लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, नाही म्हणता येणार नाही. पण ज्या घरात महिन्याची कमाई दहा-बारा हजार असते तिथे एका सिझेरियनने घरातले दागिने सोनाराकडे जातात, त्या घराला या टक्केवारीने काय दिलासा मिळणार?

पैसा कमी आहे ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी की जो आहे तोही वेळेवर खर्च होत नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. २०१३ मध्ये त्याला शहरी अभियान जोडून राष्ट्रीय आरोग्य अभियान केले गेले. आता यात ६० टक्के पैसा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. दिल्लीहून निघालेली रक्कम आधी राज्याच्या तिजोरीत जाते, तिथून राज्य आरोग्य सोसायटीकडे, मग जिल्ह्याकडे, मग तालुक्याकडे आणि सगळ्यात शेवटी केंद्राकडे. प्रत्येक टप्प्यावर सही, मंजुरी, मागच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र. देशाच्या महालेखापालांनी २०१७ च्या अहवालात दाखवून दिले की २७ राज्यांत या अभियानाचा न वापरलेला पैसा २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी रुपये होता आणि २०१५-१६ मध्ये तो वाढून ९,५०९ कोटी झाला. म्हणजे एकीकडे बाईला बाहेरून सलाईनची बाटली आणायला सांगतात आणि दुसरीकडे कोट्यवधी रुपये खात्यात पडून असतात. ज्यांनी शाळेतली अनुदाने पाहिली आहेत त्यांना हे नवे नाही. वर्षभर पैसा येत नाही, आणि फेब्रुवारीच्या शेवटी आला की ३१ मार्चच्या आत संपवा असा निरोप येतो. मग जे हवे ते न घेता, जे लगेच बिलासह मिळेल ते घेतले जाते. एका आरोग्य केंद्रात आम्ही लोखंडी कपाटांची रांग पाहिली होती, नवी कोरी. रुग्णांसाठी पिण्याच्या पाण्याचे पिंप मात्र रिकामे होते.

याच व्यवस्थेत दोन छोट्या खिडक्या अशा आहेत की ज्यांतून गावाला आत डोकावता येते. त्यांच्याविषयी आपल्या घरांत फार कमी बोलले जाते, म्हणून त्या जरा सविस्तर सांगायला हव्यात.

पहिली खिडकी म्हणजे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नाव लांबलचक आहे, पण काम सोपे आहे. प्रत्येक महसुली गावाला अशी समिती असते. ग्रामपंचायतीचे सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, नर्सबाई आणि गावातले काही लोक तिच्यात असतात. निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींबरोबर अल्पसंख्याकांनाही जागा मिळावी, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. अभियानाने या समितीसाठी वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरवला. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचे. एखाद्या गरीब रुग्णाला रात्री गाडी करून द्यायची आहे, विहिरीच्या पाण्याची तपासणी करायची आहे, डास झाले आहेत, कुपोषित मुलाला वेगळा आहार हवा आहे, यांसाठी हा पैसा. दीड हजार वस्तीच्या गावात हिशेब केला तर माणशी सात रुपयेसुद्धा होत नाहीत. रक्कम हास्यास्पद वाटेल. पण रात्री दोन वाजता पाड्यावरून बाळंतीणीला जीपने नेण्यासाठी जे हजार-पंधराशे लागतात, ते या दहा हजारांतून निघू शकतात आणि त्यासाठी तहसीलदाराच्या सहीची गरज नसते. शहापूर आणि भिवंडी तालुक्यांतल्या पाड्यांवरून गरोदर बायांना आजही डोलीतून सडकेपर्यंत आणावे लागते, अशा बातम्या आपण पावसाळ्यात वाचतोच. (मुंबईला पाणी देणारी तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे याच शहापूर परिसरातली. पाइपलाइनला सडक मिळाली, पाड्याला नाही!)

दुसरी खिडकी प्राथमिक आरोग्य केंद्रातली रुग्ण कल्याण समिती. तिच्याकडे गावसमितीपेक्षा बरीच मोठी रक्कम येते: किरकोळ दुरुस्ती, तातडीची औषधे, चादरी, पाणी, बसायला बाकडी यांसाठी. वैद्यकीय अधिकारी तिचे सचिव असतात, लोकप्रतिनिधी अध्यक्ष. बैठक कधी झाली, काय ठरले, किती खर्च झाला हे विचारण्याचा अधिकार त्या केंद्राच्या हद्दीतल्या प्रत्येक माणसाला आहे. विचारतो किती जण?

जेव्हा लोकांनी विचारले तेव्हा काय झाले, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाने देशातल्या नऊ राज्यांत ‘लोकाधारित देखरेख’ नावाचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात त्यासाठी पहिल्यांदा पाच जिल्हे निवडले गेले: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. राज्यपातळीवर पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने समन्वय केला आणि तालुक्यात तिथल्याच संघटनांनी काम हातात घेतले. ठाणे जिल्हा तेव्हा अखंड होता, पालघर वेगळे झाले १ ऑगस्ट २०१४ ला. जव्हार, डहाणू यांच्याबरोबर आपल्या कल्याणच्या शेजारचा मुरबाड तालुकाही या कामात होता.

पद्धत अशी होती की अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसालाही ती कळावी. गावात बैठक घ्यायची. नर्सबाई गावात येतात का, लसीकरण वेळेवर होते का, केंद्रात औषध मिळते की चिठ्ठी, कुणी पैसे मागितले का, बोलणे-वागणे कसे असते, हे सगळे विचारायचे. उत्तरांवरून गावाच्या दवाखान्याचे प्रगतीपत्रक भरायचे. शाळेत मुलांचे भरतो तसेच, फक्त गुणांऐवजी रंग. चांगले असेल तर हिरवा, बरे असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. हे प्रगतीपत्रक गावात सगळ्यांना दिसेल असे लावायचे. मग केंद्राच्या पातळीवर जनसुनवाई. एका बाजूला गावकरी, समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, लोकप्रतिनिधी. बाईने उठून सांगायचे की अमुक दिवशी प्रसूतीला आले तेव्हा कुलूप होते. अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचे, आणि काय करणार ते लिहून घ्यायचे.

आमच्या पेशामुळे असेल, पण आम्हाला या सगळ्यात ते प्रगतीपत्रक फार मोलाचे वाटते. ज्याचे मूल्यमापन कुणीच करत नाही तो विद्यार्थी अभ्यास करत नाही, आणि फक्त वरून मूल्यमापन झाले तर तो वही सजवतो. सरकारी आरोग्यसेवेचे तपासणे आजवर वरूनच होत आले: नोंदवह्या पूर्ण आहेत का, तक्ते भरले का. इथे पहिल्यांदा ज्याला इंजेक्शन टोचले जाते त्याने गुण द्यायचे होते. प्रत्येक फेरीत हिरव्या रंगाचे प्रमाण वाढत गेले. बाहेरून औषधे आणायला लावणे कमी झाले, बंद उपकेंद्रे उघडू लागली, रुग्ण कल्याण समितीचा पैसा रुग्णाच्या उपयोगाच्या वस्तूंकडे वळू लागला. पुढे हा प्रयोग आणखी जिल्ह्यांत गेला. डॉक्टर मंडळींना सुरुवातीला तो आवडला नव्हता, आणि त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. जनसुनवाईत कळले की कित्येक ठिकाणी डॉक्टर एकटाच आहे, औषधाचा पुरवठा वरूनच अडला आहे, क्वार्टर गळते आहे. म्हणजे लोकांनी जाब विचारला तेव्हा डॉक्टरचीही तक्रार वर पोहोचली. वर्षानुवर्षे त्याने लिहिलेली पत्रे जे करू शकली नव्हती, ते भर सभेतल्या एका प्रश्नाने केले.

आता आपल्या घरांविषयी. भिवंडी तालुक्यात पडघा, महापोली, कोन. शहापुरात, मुरबाडात, कल्याणच्या आजूबाजूला आपली जुनी घरे आहेत. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले होते की देशात मुस्लिम वस्ती लक्षणीय असलेल्या मोठ्या गावांपैकी ४० टक्के गावांत कोणतीही वैद्यकीय सोय नाही. ते देशाचे चित्र होते. आपल्याकडे सोय आहे, पण आपण तिच्या कारभारात दिसत नाही. गावसमितीच्या यादीत आपल्यातल्या स्त्रीचे नाव शोधावे लागते. विचारले तर घरचे म्हणतात, मीटिंगला मर्दमाणसे असतात, ती कशी जाईल? पण त्याच आपा, त्याच भाभी आजारी मुलाला घेऊन गर्दीच्या लोकलमधून एकट्या सायनपर्यंत जातात. तिथे कुणी अडवत नाही. मग गावातल्या शाळेच्या वर्गात, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंच्या शेजारी बसायला काय हरकत आहे?

आणखी एक अडथळा आम्हाला शाळेच्या जनरल रजिस्टरमुळे रोज दिसतो. नावाचा. रेशनकार्डावर ‘शेख’, आधारवर ‘शैख’, बँकेत ‘मो.’ आणि दाखल्यावर ‘मोहम्मद’. मुलगी लग्न होऊन गेली की माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. पंतप्रधान मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात; दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. नाव जुळले नाही तर अर्ज परत. आशाताई दोन फेऱ्या मारते, तिसऱ्यांदा घरातले कंटाळतात, आणि मग गावात बोलले जाते की आपल्याला सरकार काही देत नाही. सरकारने देताना हात आखडला हे अनेकदा खरे असते. पण ज्या ठिकाणी हात पुढे आला होता तिथे कागद आडवा आला, हेही आम्ही पाहिले आहे. निकाह ठरतो तेव्हा मेहेर, जेवण, हॉल यांच्या चर्चा महिनाभर चालतात. त्यात एक दुपार काढून मुलीचे आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे नाव एकसारखे करून घ्यायला कितीसा वेळ लागेल?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली होती. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू करण्याचा आणि वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचा निर्णय घेतला. पिवळे, केशरी, पांढरे, कार्ड कोणतेही असो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. दाखल होण्याआधी किंवा दाखल होताच त्याला भेटायचे. बिल झाल्यावर गेलात तर तो फारसे काही करू शकत नाही. १५५३८८ हा क्रमांक घरातल्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या बाजूला लिहून ठेवावा.

इथे एक बारकावा आहे, तो कल्याण-डोंबिवलीकरांनी आणि ग्रामीण नातलगांना सल्ला देणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार, तपासण्या, केसपेपर सगळे मोफत झाले. म्हणजे तुमचे प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, भिवंडीचे इंदिरा गांधी रुग्णालय, उल्हासनगरचे सेंट्रल हॉस्पिटल. पण महापालिकांची रुग्णालये या निर्णयात नाहीत. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळवा ही पालिकेची रुग्णालये. तिथे पालिकेचे दर आणि पालिकेचे नियम. प्रसूती आणि एक वर्षापर्यंतच्या बाळाचा आजार मात्र २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थांत मोफतच आहे: औषधे, रक्त, तपासण्या, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून आणणे आणि घरी पोहोचवणे. गाडी नाकारली तर कारण लिहून मागा. तोंडी मागितलेले उत्तर कुठेच पोहोचत नाही.

गाव आणि शहर यांच्या मधल्या पट्ट्याचे हाल वेगळेच आहेत. भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळी, माणकोली, दापोडे बघा. कागदावर ग्रामपंचायत, प्रत्यक्षात टॉवर आणि मैलोन्‌मैल गोदामे, आणि त्या गोदामांत उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातून आलेले हजारो मजूर. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे तर २००२ मध्ये पालिकेबाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली, २०२० मध्ये त्यातली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दवाखाना जिल्हा परिषदेचा की पालिकेचा, हे या ओढाताणीत कोण ठरवणार? उपकेंद्रांचा निकष लोकसंख्येवर आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, कारण २०२१ ची झालीच नाही. ज्या उपकेंद्राच्या हद्दीत कागदावर पाच हजार माणसे आहेत तिथे आज किती असतील, हे संध्याकाळी माणकोली नाक्यावर उभे राहिल्यास कळते. लस मात्र पाच हजारांच्याच हिशेबाने मागवली गेली तर? दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर उतरणाऱ्या कातकरी कुटुंबांचे तर नाव गावात आणि बाळ भट्टीवर. मातृ-बाल कार्ड गावातल्या अंगणवाडीत राहते आणि इथली नर्स म्हणते, कार्ड दाखवा.

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला आणि लेकरे दगावली, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांमध्ये आपली मुले पुष्कळ होती. नेहमीप्रमाणे अफवांवर बोट ठेवले गेले. अफवा होत्याच. पण गर्दीची वस्ती, सतत बदलणारी भाड्याची खोली, कोविडमुळे चुकलेली लस आणि हातमागाच्या-यंत्रमागाच्या कामातून न मिळणारी सुटी, हीही कारणे होती. आणि याच भिवंडीत २०२० च्या साथीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत लोकांनी मोफत ऑक्सिजनची सोय उभी केली होती, हेही विसरू नये. ज्या वस्तीवर लोक सहज विश्वास टाकतात ती जागा कोणती आणि आरोग्य खात्याने तिथपर्यंत कसे पोहोचावे, याचे उत्तर त्यात आहे. गोवरच्या वेळी इमाम साहेबांकडे जाण्याऐवजी ते आधी का जात नाहीत?

शाळेच्या बाबतीतही असेच एक अंतर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, म्हणजे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात झाली. त्यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येऊन मुले तपासते. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, बहिरेपण अशा गोष्टी सापडल्या तर शस्त्रक्रिया मोफत होते. पण मूल विनाअनुदानित इंग्रजी शाळेत असेल किंवा फक्त मकतबमध्ये जात असेल तर ते या यादीत येतच नाही. अशा पालकांनी अंगणवाडीच्या किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या तपासणीचा दिवस विचारून मुलाला घेऊन जावे. पथकातले डॉक्टर आलेल्या मुलाला सहसा परत पाठवत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

या सगळ्या योजना ज्या बाईच्या पायांवर चालतात ती आशा. हजार लोकवस्तीमागे एक. तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन. २०२४ च्या सुरुवातीला या आशाताई शहापूरहून ठाण्यापर्यंत पायी मोर्चाने आल्या होत्या, नंतर आझाद मैदानावर बसल्या. मग त्यांच्या मानधनात ५,००० रुपयांची वाढ मान्य झाली. ज्या रस्त्याने रुग्ण शहराकडे येतात त्याच रस्त्याने त्यांची काळजी घेणारीलाही चालत यावे लागले. आपल्या मोहल्ल्यात ती आली की दारातून परत पाठवू नका, इतके तरी करावे. तिच्या वहीत तुमच्या सुनेचे नाव बाराव्या आठवड्याच्या आत चढले, तर पुढचे अर्धे रामायण टळते.

आता जकातीविषयी, कारण रमजान आला की हा विषय घराघरांत निघतो. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदच्या दारात दवाखान्याच्या बिलाची झेरॉक्स घेऊन उभा असलेला बाप कुणी पाहिला नाही? लोक देतात, मनापासून देतात. पण त्यातली किती बिले अशी असतात की जे उपचार योजनेत बसले असते? खासगी रुग्णालयात आधी पैसे भरून मग धावाधाव करायची आणि जमातीने वर्गणी काढायची, यात गरिबाच्या हक्काचा पैसा त्या रुग्णालयाच्या गल्ल्यात जातो. आम्हाला वाटते की जकात-सदक्याचा पैसा सरकारच्या जबाबदारीवर खर्च होऊ नये. तो जिथे सरकारची योजना पोहोचतच नाही तिथे लागावा: केईएमच्या फुटपाथवर आठ दिवस काढणाऱ्या नातेवाइकांचे जेवण आणि भाडे, रोजगार बुडाल्यामुळे बंद पडलेली घरची चूल, योजनेबाहेरचे औषध. मोठ्या जमातीने एक पदवीधर मुलगा किंवा मुलगी महिन्याच्या पगारावर ठेवून कागद तपासण्याचे आणि आरोग्यमित्राशी बोलण्याचे काम दिले, तर वर्गणीचा पैसा कितीतरी पुरा पडेल. कल्याण-भिवंडीत हे करण्याइतक्या ऐपतीच्या जमाती आहेत. बोलून दाखवायचा संकोच नको, त्या लग्नाच्या हॉलवर यापेक्षा जास्त खर्च करतात.

गावात राहणाऱ्यांनी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या तारखा लक्षात ठेवाव्यात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. तिथे अम्मी, फुफू, भाभी सगळ्यांनी जावे. पहिल्या वेळी तीनच गोष्टी विचारल्या तरी पुरे. गावाच्या आरोग्य समितीत कोण कोण आहे? या वर्षी समितीच्या खात्यात किती पैसे आले आणि कशावर गेले? रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली? ग्रामसेवक म्हणतील, पुढच्या वेळी सांगतो. हरकत नाही. प्रश्न कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावायचा आणि सही करण्याआधी तो खरोखर लिहिला आहे का ते वाचून पाहायचे. वाचता येत नसेल तर सातवी-आठवीतली मुलगी बरोबर न्यायची. आमच्या वर्गातल्या दोन मुली अशाच आपल्या दादीबरोबर सभेला गेल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यांच्या गावातल्या उपकेंद्राच्या भिंतीवर मिळणाऱ्या औषधांची यादी लागली आणि तिच्याखाली, कुणी सांगितले नव्हते तरी, नर्सबाईंच्या येण्याचे वार मराठीत आणि उर्दूत लिहिले गेले. उर्दू त्या मुलींनीच लिहून दिली होती.